पाळक गेला, मंडळी फोनमध्ये राहिली

जुलै २०१९ मध्ये जोशुआ हॅरिसने इन्स्टाग्रामवर जाहीर केलं, की ख्रिस्ती माणूस कोणाला म्हणायचं याच्या ज्या कसोट्या त्याला ठाऊक आहेत, त्यांना तो आता उतरत नाही. आपल्याकडे हे नाव फारसं कोणाला माहीत नाही. अमेरिकेत मात्र १९९७ नंतर इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलचा शब्द प्रमाण मानून धर्मप्रसारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट घरांत वयात आलेल्या पुष्कळ मुलामुलींच्या उशाशी त्याचं ‘आय किस्ड डेटिंग गुडबाय’ होतं. विशीतल्या, लग्न न झालेल्या मुलाने लिहिलेलं पुस्तक. सांगणं एवढंच, की डेटिंग बंद करा, भेटायचं तर वडीलधाऱ्यांच्या नजरेखाली आणि लग्नाच्याच हेतूने भेटा, तन आणि मन दोन्ही तोवर राखून ठेवा. सुमारे १२ लाख प्रती खपल्या. पुढे तो मेरीलँडमधल्या गेदर्सबर्गच्या एका मोठ्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाळक (पास्टर) झाला, २०१५ मध्ये त्या पदावरून उतरला, २०१८ मध्ये पुस्तक चुकल्याचं कबूल करून त्याने प्रकाशकाला छपाई थांबवायला लावली, आणि वर्षभरात ही पोस्ट.

इथवर बातमी झाली. खरा वाद दोन वर्षांनी पेटला. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच हॅरिसने, त्याच नावाने, बऱ्याच अंशी त्याच लोकांसमोर एक ऑनलाइन कोर्स विकायला काढला. विषय होता श्रद्धेची उकल करून आपली गोष्ट नव्याने मांडणं. किंमत २७५ डॉलर, आणि पुस्तकामुळे ज्यांना त्रास झाला त्यांना फुकट. लोक असे भडकले की काही दिवसांत कोर्स गुंडाळावा लागला. भडकलेल्यांत मंडळीत टिकून राहिलेल्यांपेक्षा मंडळी सोडून आलेल्यांचाच आवाज मोठा होता. ज्याच्या औषधाने दुखणं झालं, तोच आता उतारा विकतोय, ही त्यांची तक्रार.

या तक्रारीतला राग समजतो, पण ती पूर्ण पटत नाही. माणसाने मत बदललं तर त्याने तोंड शिवून घ्यावं, असा नियम कोणी करू शकत नाही. प्रश्न निराळा आहे. त्याच्यासमोर बसलेले लोक कोणत्या नावावर जमले होते? माझ्या मते देवाच्या नावावर जमवलेले श्रोते ही ठेव असते. ठेव घेणाऱ्याचा धंदा बदलला, तर ठेवीदाराला बोलावून ‘तुमची रक्कम ठेवायची की न्यायची’ असं विचारायला हवं. ते न विचारता तीच खाती नव्या पेढीवर फिरवून घेणं चूक आहे. आणि ही चूक बहुतेक वेळा लबाडीतून होत नाही. ती होते पैशाच्या अडचणीतून आणि फोनच्या सोयीतून.

अडचण आधी पाहू, कारण ‘पैशासाठी धर्म सोडला’ हा आरोप फार स्वस्तात केला जातो. अमेरिकेत दीक्षित पाळकाला घरभत्त्यावर केंद्रीय आयकर भरावा लागत नाही. नोकरी सुटली की ही सवलतही सुटते. मंडळ्या बेकारी विम्याच्या करातून मुक्त आहेत, त्यामुळे काढून टाकलेल्या किंवा सोडून गेलेल्या पाळकाला बहुधा बेकारी भत्ता मिळत नाही. सगळ्यात वाईट भाग आहे तो फॉर्म ४३६१. सरकारी विमा धार्मिक कारणाने नको, असं लिहून देऊन पाळकाला आपल्या धर्मसेवेच्या कमाईवरचा सोशल सिक्युरिटीचा (सरकारी पेन्शनचा) कर टाळता येतो. हा अर्ज सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांतच करावा लागतो आणि मंजूर झाला की तो मागे घेता येत नाही. पंचविशीत, श्रद्धेच्या भरात सही केलेला माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी बाहेर पडला, तर मधली २० वर्षं त्याच्या पेन्शनच्या हिशेबात धरलीच जात नाहीत. वर निरोपाच्या पगाराबरोबर ‘संस्थेबद्दल वाईट बोलणार नाही’ अशा कागदावर सही मागण्याची पद्धत पुष्कळ मंडळ्यांत आहे. बायबल कॉलेजची पदवी बाहेरच्या बाजारात कितपत चालते, ते वेगळं सांगायला नको. अशा माणसाच्या हातात शिल्लक काय राहतं? बोलण्याची हातोटी आणि ऐकणाऱ्यांची यादी.

पूर्वी ही यादीही हाताला लागत नसे. चार्ल्स टेम्पलटन हा १९४० च्या दशकात बिली ग्रॅहम या गाजलेल्या प्रवचनकाराच्या तोडीचा वक्ता मानला जाई. १९५७ मध्ये त्याने धर्मसेवा सोडली आणि कॅनडात वर्तमानपत्र आणि टीव्हीच्या धंद्यात शिरला. सभागृह भरणारे लोक ग्रॅहमकडे राहिले. टेम्पलटनला नवे वाचक नव्याने मिळवावे लागले. चौथ्या वर्षी दीक्षा दिलेला बालप्रवचनकार मार्जो गॉर्टनर याने मोठेपणी स्वतःच्याच तंबूत कॅमेरा नेऊन सगळ्या क्लृप्त्या उघड केल्या. १९७२ च्या त्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं, आणि तो नट व्हायला निघून गेला. त्याने उघड केलं ते एकदाच. आठवड्याला तीन वेळा उघड करत राहण्याची सोय तेव्हा नव्हती.

आता माणूस मंडळी सोडतो, पण फॉलोअर त्याच्या खिशात असतात. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर बुवांनी माळ काढून ठेवली, तरी टाळकरी पुढच्या मुक्कामाला हजर. इन्स्टाग्रामवर नाव, फोटो, परिचयाच्या ओळी बदलता येतात; फॉलोअर आपोआप सोबत येतात, त्यांना कोणी विचारत नाही. ‘प्रार्थनेत टिकून राहण्यासाठी रोज एक वचन’ म्हणून जोडलेली बाई एके दिवशी उठून पाहते, तर त्याच खात्यावर वचनं कशी फसवी आहेत याचे धडे सुरू झालेले. धडे बरोबर असतीलही. ती त्यांच्यासाठी आली नव्हती.

सगळेच सोडणारे एका मापाचे नाहीत, हे इथे नीट पाहायला हवं. ऱ्हेट मॅक्लॉघलिन आणि लिंक नील हे यूट्यूबवरचे दोघे मित्र एकेकाळी कॅम्पस क्रुसेड या विद्यार्थ्यांत धर्मप्रसार करणाऱ्या संस्थेचे, म्हणजे आताच्या ‘क्रू’चे, पूर्णवेळ कार्यकर्ते होते. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांनी आपल्या पॉडकास्टवर सलग काही भागांत आपण श्रद्धेपासून कसे दूर गेलो ते सांगितलं. मोठी खळबळ माजली, पण त्यांचा रोजचा कार्यक्रम चालूच राहिला, कारण तो होता विचित्र पदार्थ चाखण्याचा आणि थट्टामस्करीचा. श्रोते विनोदाच्या नावावर जमले होते आणि विनोद मिळत होता. ठेव जिथली तिथे. जॉन पायपर या मिनियापोलिसच्या नामांकित पाळकाचा मुलगा एब्रहम पायपर याने २०२० च्या अखेरीस टिकटॉकवर धर्माची टिंगल सुरू केली. एप्रिल २०२१ पर्यंत त्याचे फॉलोअर ९ लाखांवर गेले होते. आडनाव वडिलांचं खरं, पण खातं कोरं होतं. तिथे प्रार्थनेसाठी कोणीच आलं नव्हतं. त्याची थट्टा कोणाला आवडो वा न आवडो, हिशेब स्वच्छ आहे.

रॉब बेलचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. त्याने १९९९ मध्ये मिशिगनमध्ये मंडळी सुरू केली. २०११ मध्ये नरकाच्या शिकवणीवर शंका घेणारं त्याचं पुस्तक येणार म्हटल्यावर, ते दुकानात पोचण्याआधीच, थोरल्या पायपरने ट्विटरवर तीन शब्दांत त्याला निरोप देऊन टाकला. बेलने ख्रिस्ती धर्म सोडला नव्हता, पण त्या वर्तुळाने त्याला सोडलं. तो कॅलिफोर्नियाला गेला. मंडळीच्या प्रवचनांचा पॉडकास्ट मंडळीकडेच राहिला आणि २०१५ मध्ये त्याने स्वतःच्या नावाचा वेगळा सुरू केला. ज्यांना हवा होता ते शोधत आले. एवढी साधी गोष्ट, पण फार थोडे जण करतात.

मराठी ख्रिस्ती वाचकाला इथे नारायण वामन टिळक आठवतील. तेही अमेरिकन मिशनमध्येच होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचं काम सोडलं ते श्रद्धा सोडून नव्हे, तर पगारी मिशनचा साचा सोडून. आणि मिशनच्या मंडळीला आपल्यामागे ओढण्याऐवजी त्यांनी ‘देवाचा दरबार’ या नावाने नवं दार उघडलं, बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आणि न झालेल्यांसाठीही. काळ वेगळा, कारण वेगळं; दार नवं असावं ही रीत मात्र तीच.

कोणाचे श्रोते टिकतात आणि कोणाचे उडतात, हे बहुधा पैसे कोण देतं यावर ठरतं. इव्हँजेलिकल बाजारात दोन प्रकारचे ग्राहक आहेत. एक, स्वतःच्या खिशातून पुस्तक घेणारा वाचक. दुसरा, मंडळी: महिला मंडळासाठी एकदम वीस अभ्यासपुस्तिका घेणारी, शिबिराला वक्ता बोलावणारी, प्रवासखर्च आणि मानधन देणारी. दुसऱ्या प्रकारावर जगणाऱ्याने जरा वेगळा सूर काढला की उत्पन्न एका आठवड्यात आटतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये जेन हॅटमेकर या लेखिकेने एका मुलाखतीत समलिंगी विवाहाला पाठिंबा दिला. सदर्न बॅप्टिस्ट या मोठ्या पंथाच्या लाइफवे दुकानांनी तिची पुस्तकं फळीवरून उतरवली. तिनेही श्रद्धा सोडली नव्हती. पण दार बंद करणारा तो दुकानदारच पुढे उरला नाही: मार्च २०१९ मध्ये लाइफवेने आपली सगळी, म्हणजे १७० दुकानं बंद करत असल्याचं जाहीर केलं. हॅटमेकरकडे तोवर पॉडकास्ट होता आणि वाचकांशी थेट संबंध होता. नेमक्या याच वर्षांत सोडणाऱ्यांच्या जाहीर पोस्टचा पाऊस पडला, हा योगायोग मला वाटत नाही. चौकीदार गेला आणि बाहेर बाजार तयार होता. पीआरआरआय या सर्वेक्षण संस्थेच्या आकड्यांनुसार अमेरिकी लोकसंख्येत गोऱ्या इव्हँजेलिकल लोकांचं प्रमाण २००६ मध्ये २३ टक्के होतं, ते २०२० मध्ये १४.५ टक्क्यांवर आलं. बाहेर पडलेल्यांना २०१६ पासून ‘एक्स्व्हँजेलिकल’ हे नावही मिळालं होतं, ब्लेक चॅस्टेनने चालवलेल्या हॅशटॅगमधून. ज्या गर्दीला नाव असतं, तिला माल विकता येतो.

आता बोलण्याच्या हातोटीकडे येऊ. इव्हँजेलिकल कार्यकर्त्याला शिकवली जाणारी पहिली कला म्हणजे साक्ष देणं. क्रूसारख्या संस्थांत तर तिचा साचाच दिला जातो. तीन मिनिटं, तीन भाग: आधी मी कसा होतो, येशूची भेट कशी झाली, आणि आता जगणं कसं बदललंय. पहिल्या भागात पापाचं वर्णन फार लांबवायचं नाही, मधल्या भागात नेमका प्रसंग हवा, शेवटी ऐकणाऱ्याला आमंत्रण. आता २०१९-२० मधल्या कुठल्याही श्रद्धा सोडल्याच्या पोस्ट घ्या आणि शेजारी ठेवा. आधी मी किती बांधलेला होतो, मग तो एक प्रश्न, तो एक प्रसंग, आणि आता किती मोकळं वाटतंय, तुम्हीही या. आशय उलटा झाला, साचा हलला नाही. श्रोतेही त्याच साच्यात वाढलेले असल्यामुळे त्यांना तो लगेच आपला वाटतो. म्हणून यादी टिकते. लोक मतांसाठी थांबतात असं आपण समजतो. बरेचसे त्या आवाजासाठी, त्या जवळिकीसाठी आणि ‘हा आपल्या मनातलं बोलतो’ या सवयीसाठी थांबलेले असतात. मंडळीत अधिकार नेमका इथूनच तयार होत होता, आणि तो अधिकार कोणी परत मागितलेला नाही.

थांबलेल्यांतही किती प्रकारचे लोक असतात! काही स्वतः केव्हाच बाहेर पडलेले. काही रविवारी न चुकता उपासनेला बसून रात्री फोनवर चोरून वाचणारे. हे कधी लाइक करत नाहीत, कारण आत्याला दिसेल. काही त्याच्या परत येण्यासाठी प्रार्थना करणारे, प्रत्येक पोस्टखाली वचन टाकणारे. काही निव्वळ बातमी वाचून आलेले बघे. एकच पोस्ट या सगळ्यांपुढे जाते आणि त्यातला सर्वांत नाजूक असतो तो चोरून वाचणारा. त्याला हवं असतं शांत, सावकाश उत्तर. प्लॅटफॉर्म मोजतो ती आरडाओरड. श्रद्धा सोडल्याच्या पोस्टखाली दोन्ही बाजूंनी हजारो टिप्पण्या पडतात, त्यामुळे ती लांबवर पोचते. पुढच्या आठवड्यात बागकामाचा फोटो टाकला तर तो कोणी बघत नाही. जुने फॉलोअर न थांबता पुढे सरकतात, म्हणून प्लॅटफॉर्मही तो कमी लोकांना दाखवतो. महिना दोन महिन्यांत खातं चालवणाऱ्याला धडा मिळतो: मंडळीतल्या जखमेवर लिहिलं की लोक येतात, बाकी कशावर लिहिलं की जातात. मग तो दर आठवड्याला नव्याने मंडळी सोडतो. जखम भरली तर घरभाडं कुठून द्यायचं? ज्याने हे सुरू केलं तो स्वतः यातून बाहेर पडू शकत नाही, ही यातली सगळ्यात क्रूर गोष्ट.

समोरच्या बाजूचंही दुकान याच वाऱ्यावर चालतं, हे सांगितलं पाहिजे. एकेकाळच्या ‘झोईगर्ल’ या ख्रिस्ती पॉप गटातली अलिसा चाइल्डर्स आज डीकन्स्ट्रक्शनला, म्हणजे श्रद्धेची उकल करून ती सोडण्याच्या लाटेला, उत्तर देणारी म्हणून ओळखली जाते. सोडणारा व्हिडिओ टाकतो, उत्तर देणारे त्याचे तुकडे दाखवून व्हिडिओ टाकतात, सोडणारा त्या उत्तराला उत्तर देतो. दोघांचे आकडे वाढतात.

मग करायचं काय? ‘प्रामाणिक राहा’ एवढ्यावर भागत नाही, कारण अडचण यंत्रात आहे. श्रद्धा सोडल्याची घोषणा करण्याआधी दोन आठवडे घरात बसून एक कामाची यादी केली पाहिजे.

पहिलं, मालकी. ईमेलची यादी ज्या खात्यात आहे, त्या खात्याचं मासिक बिल कोणी भरलं? ते ५०१(सी)(३) खाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थेने भरलं असेल, तर यादी संस्थेची मालमत्ता आहे आणि अशा संस्थेची मालमत्ता कोणाच्या खासगी फायद्याकडे वळवायला अमेरिकी करकायद्यात मनाई आहे. ‘पण लोक तर माझ्यासाठी आले होते’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. फाइल उतरवून घेऊन स्वतःच्या नव्या खात्यात चढवणं ही या क्षेत्रात सर्रास होणारी चूक आहे. यादी स्वतःच्या पैशांनी जमवलेली असेल, तर प्रत्येक पत्त्यापुढे तो कधी आणि कशाच्या बदल्यात आला, हे पाहावं. ‘चाळीस दिवसांची प्रार्थना’ ही मोफत पुस्तिका घेऊन आलेला माणूस आणि काल बातमी वाचून आलेला माणूस एका कप्प्यात नकोत.

दुसरं, आपोआप चालणाऱ्या गोष्टी. हे लोक विसरतात आणि मग फार लाजिरवाणं होतं. नवा सदस्य आला की ठरावीक अंतराने जाणाऱ्या पाच-सात स्वागत-ईमेलची साखळी बऱ्याच वर्षांपूर्वी लावलेली असते. मालकाने देव सोडला तरी ती साखळी दर मंगळवारी नव्या माणसाला ‘प्रभूवर भार टाक’ म्हणून सांगत राहते, खाली अभ्यासपुस्तिकेची कमिशनवाली लिंक. त्याहून गंभीर म्हणजे दरमहा कापली जाणारी देणगी. कार्डावरून महिन्याला २५ डॉलर जाण्याची परवानगी एकदा दिली, की देणाऱ्याने किंवा घेणाऱ्याने थांबवेपर्यंत ती चालू राहते. म्हातारी माणसं बँकेचं विवरण बारकाईने पाहत नाहीत. सुवार्तेसाठी म्हणून दिलेला दशांशाचा तो तुकडा घेणाऱ्यानेच, घोषणेच्या आदल्या दिवशी, आपल्या हाताने बंद केला पाहिजे. ‘ज्यांना नको ते बंद करतील’ असं म्हणून वाट पाहणं मला सरळसरळ अप्रामाणिक वाटतं. या एका मुद्द्यावर दुसरी बाजू असू शकते असं मी मानत नाही.

तिसरं, पुन्हा संमती. अमेरिकेतला २००३ चा व्यापारी ईमेलविषयीचा कायदा इथे अपुरा आहे. तो म्हणतो, नको म्हणणाऱ्याचं नाव १० कामाच्या दिवसांत काढा; आधी विचारा असं म्हणत नाही. पण ठेवीच्या न्यायाने आधीच विचारायला हवं. तीन पत्रं पुरेत. पहिल्या पत्रात काय बदललं ते चार ओळींत, कुठलीही विक्री नाही. दहा दिवसांनी दुसऱ्यात एकच बटण: ‘यापुढेही वाचायचं आहे’. तीन आठवड्यांनी तिसरं, शेवटची आठवण. ज्यांनी बटण दाबलं नाही, त्यांची नावं काढून टाकायची. इथे एक खोच आहे. ‘पत्र उघडलं म्हणजे संमती’ असं धरू नये. सप्टेंबर २०२१ मध्ये अ‍ॅपलने आपल्या मेलमध्ये गोपनीयतेची जी सोय आणली, तिच्यामुळे चित्रं आधीच उतरवली जातात आणि न वाचलेलं पत्रही उघडल्यासारखं मोजलं जातं. क्लिक तेवढा खरा. यादी निम्म्याहून कमी होईल, याची तयारी ठेवावी. घाबरून शेवटच्या क्षणी ही पायरी गाळतात, ती याच भीतीने.

जुने व्हिडिओ आणि प्रवचनं गुपचूप उडवू नयेत. ज्या मुलीला त्या शिकवणीचा त्रास झाला, तिच्याजवळ ‘तुम्ही हे बोलला होतात’ याचा पुरावा तोच असतो. यूट्यूबवर त्याच दुव्यावर नवा व्हिडिओ बदलून टाकता येत नाही, पण शीर्षकात आणि वर्णनात भर घालता येते, टिप्पणी वर खोचून ठेवता येते. पॉडकास्टचं उलट: ध्वनिफाइल बदलता येते, म्हणून सुरुवातीला अर्ध्या मिनिटाचं निवेदन जोडावं, ज्यांनी आधीच उतरवून घेतलंय, त्यांच्याकडे मात्र जुनंच राहणार. छापील पुस्तकाचं तर प्रकाशकाच्या हातातही फार नसतं. हॅरिसच्या पुस्तकाची छपाई थांबली, पण १२ लाख प्रती कुठल्या कुठल्या मंडळीच्या कपाटांत, तळघरांत, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आहेतच.

आणि विक्री. घोषणेनंतर निदान तीन महिने काहीही विकू नये. त्यानंतरही आपण केलेल्या जखमेवरचा उपचार तर नाहीच. धर्मातून आलेल्या आघाताला मार्लीन विनेल यांनी २०११ मध्ये नाव दिलं आणि त्यावर काम केलं आहे. ते काम प्रशिक्षित मानसोपचाराचं आहे. अमेरिकेत थेरपिस्टला राज्याचा परवाना लागतो, स्वतःला ‘कोच’ म्हणवून घ्यायला काहीच लागत नाही. सोडून आलेल्यांपैकी बरेच जण याच फटीतून आत शिरतात. हॅरिसच्या कोर्समध्ये ज्यांना त्रास झाला त्यांना प्रवेश फुकट होता, आणि तरी लोक चिडले, याचं कारण इथे आहे. फी हा मुद्दाच नव्हता. पुन्हा एकदा तो पुढे उभा होता आणि ते समोर बसलेले होते.

यावर मंडळीतून एक उत्तर ठरलेलं असतं: १ योहान २:१९, ते आपल्यातून निघाले, पण ते आपले नव्हतेच. हे म्हटलं की मंडळीची जबाबदारी संपते. विशीतल्या मुलाला लेखक करणारे, त्याच्या पुस्तकावर युवासभा चालवणारे, फॉलोअरचे आकडे पाहून पुस्तकाचा करार देणारे, हे सगळे आपलेच होते ना? बाहेर पडलेल्यांचा आक्षेप जास्त वजनदार आहे. शिबिरात बारा वर्षांच्या मुलांकडून नाव-पत्ता भरून घेताना मंडळीने कुठे संमती विचारली होती, मग सोडणाऱ्यालाच एवढे सोवळ्याचे नियम का? आणि आत राहून शंका घेणाऱ्या त्या चोरून वाचणाऱ्याला ओळखीचा आवाज नाहीसा झाला तर कोण उरतं? पहिल्या प्रश्नावर मी म्हणेन, नियम मंडळीलाही लागू आहेत, आणि तिने ते मोडले म्हणूनच बरेच जण बाहेर पडले. बाहेर येऊन तेच करायचं, तर बाहेर येण्याला अर्थ काय. दुसऱ्याचं उत्तर बेलच्या पॉडकास्टमध्ये आहे. दार नवं असलं तरी शोधणारा येतो. शिवाय नव्या खात्याला फॉलो करण्यासाठी त्याला एक बोट हलवावं लागतं, आणि तो निर्णय त्याचा स्वतःचा असतो. त्याच्या आयुष्यात असे निर्णय फार झालेले नसतात.

बार्ट कॅम्पोलोने आणखी एक वाट दाखवली. नावाजलेल्या प्रवचनकाराचा मुलगा, स्वतः इव्हँजेलिकल नेता. श्रद्धा गेल्यावर २०१४ मध्ये तो सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात देव न मानणारा, मानवतावादी चॅप्लेन (विद्यार्थ्यांना आधार देणारा समुपदेशक) म्हणून गेला. काम तेच, माणसांशेजारी बसण्याचं, पण संख्या खोलीत मावेल एवढी. सगळ्यांना हे जमणार नाही, अशा जागाही थोड्या. तरी श्रोते कमी होऊ देता येतात, एवढं त्यातून दिसतं.

माझा हा ठेवीचा न्याय एका ठिकाणी मात्र अडतो, आणि ते ठिकाण म्हणजे गाणी. ऑगस्ट २०१९ मध्ये हिलसाँग या ऑस्ट्रेलियन मंडळीचा गीतकार मार्टी सॅम्पसन याने आपली श्रद्धा निसटत चालल्याचं लिहिलं आणि मग ती पोस्ट काढून टाकली. मे २०२० मध्ये ‘हॉक नेल्सन’ या बँडचा गायक जॉन स्टाइनगार्डने आपला देवावर विश्वास उरला नसल्याचं सांगितलं. अशांची उपासनेची गाणी मंडळ्या गातच आहेत. सीसीएलआय ही संस्था मंडळीच्या आकारानुसार वार्षिक परवाना शुल्क घेते, कोणती गाणी वापरली याची नोंद मागवते आणि त्या हिशेबाने मालकांना रॉयल्टी देते. गीतकाराच्या करारात हिस्सा असेल, तर तो आज काय मानतो हे त्या नोंदीत कुठे विचारलेलं नसतं. ही रॉयल्टी त्याने परत करावी का? मला तसं वाटत नाही. सल्ल्याचं पुस्तक लेखकाच्या साक्षीवर विकलं जातं. गाणं गाणाऱ्याच्या तोंडात गेलं की त्याचं होतं. आजारी मुलाच्या उशाशी बसून ते गुणगुणणाऱ्या आईला कवीच्या आजच्या मताशी देणंघेणं नाही. परवान्याच्या अटीप्रमाणे पडद्यावर शब्द दाखवताना खाली गाण्याचं नाव, रचनाकार, हक्काचं वर्ष आणि मंडळीचा परवाना क्रमांक द्यावा लागतो. प्रोजेक्टरवर बसलेला मुलगा दर रविवारी तो इमानेइतबारे टाइप करतो, इतक्या बारीक अक्षरांत की पहिल्या बाकावरूनही वाचता येत नाही.